बाद झालेली फेरी

आमच्या कारखान्यात मुख्य इंजिनियर मॅडमना सगळे वहिनी म्हणतात. कारखान्याच्या मालक साहेबांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे. खरं तर त्या वहिनी एकट्या ड्रायव्हरच्या. नव्या गाड्यांची चाचणी घेणारा आमचा ड्रायव्हर म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. सैन्यात चिलखती गाड्या चालवून तो निवृत्त झाला आणि आमच्याकडे लागला. पहिल्याच दिवशी गाडी फिरवून आणली, भर वर्कशॉपमध्ये खाली उतरला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, ब्रेक जरा उशिरा लागतोय." वेल्डरांनी मास्क वर करून बघितलं. त्या दिवसापासून मॅडम गेल्या आणि वहिनी आल्या. त्या त्याला भाऊजी म्हणत, म्हणून तोही हळूहळू सगळ्या कारखान्याचा भाऊजी झाला.

मी विक्रीतला माणूस. बोलणं हे माझं काम, आणि या धंद्यात बोलावं लागतं फार. आम्ही सैन्यासाठी आठ चाकी चिलखती गाड्या बनवतो. आधी कितीतरी वर्षं आम्ही साधे ट्रक बनवायचो. मग साहेबांच्या मनाने घेतलं आणि आम्ही या बाजारात उडी मारली.

हा बाजार बाहेरच्या माणसाच्या नजरेला पडत नाही. पण तो जगभर पसरलेला आहे, आणि त्यात शिरणं म्हणजे भरल्या पंगतीत उशिरा पोचून जागा शोधण्यासारखं आहे. कुठल्यातरी देशाचं सैन्य ठरवतं की आपल्या जुन्या गाड्या आता मोडीत काढायच्या. मग निविदा निघते, आणि चार खंडांतल्या कंपन्या धावत सुटतात. कुणाची गाडी जड आणि मजबूत, कुणाची हलकी आणि चपळ, कुणाची पाण्यात तरंगणारी. कुणी म्हणतं अर्ध्या गाड्या तुमच्याच देशात बनवू, कुणी म्हणतं सुटे भाग वीस वर्षं पुरवू. मोठमोठ्या हॉलमध्ये प्रदर्शनं भरतात. गालिच्यावर उभ्या केलेल्या, पुसून लखलखीत केलेल्या गाड्या, आणि त्यांच्याभोवती हात मागे बांधून फिरणारे सेनाधिकारी. आमच्यासारख्या नवख्यांचा स्टॉल ठरलेला, चहाच्या काउंटरशेजारी. लोक आमच्याकडे यायचे ते कप ठेवायला जागा शोधत.

तरीही मला या गाड्या मनापासून आवडतात, आणि ते सांगायला मी लाजत नाही. वीस टनांचं पोलाद दगडधोंड्यांतून चढतं, उतरतं, तलावात शिरून बदकासारखं पोहतं. हे सगळं कुणीतरी टेबलावर बसून आधी मनात पाहिलेलं असतं. आमच्या गाडीच्या बाबतीत ते वहिनींनी पाहिलं होतं.

प्रदर्शनात त्यांची एक रीत होती. कुणी मोठा अधिकारी आला की तो सरळ ड्रायव्हरच्या सीटकडे नाहीतर वरच्या तोफेकडे वळायचा. वहिनी शांतपणे मागचा दरवाजा उघडायच्या आणि म्हणायच्या, "आधी मागे बसून बघा. तुमची पोरं मागे बसणार आहेत." अधिकारी अवघडून मागे बसायचा. गुडघे कुठे टेकतात, डोकं कुठे आपटतं, सुरुंगाच्या धक्क्याने पाठ मोडू नये म्हणून सीट जमिनीवर न ठेवता छताला कशी टांगली आहे, हे सगळं वहिनी त्याला दाखवायच्या. काही जण हसून निघून जायचे. पण एका देशाचे एक कर्नल मागे बसले ते पाऊण तास उठलेच नाहीत. तेच पुढे त्यांच्या सैन्याच्या खरेदी समितीवर चाचणी अधिकारी झाले, आणि आम्हाला चाचणीचं बोलावणं आलं.

निघायच्या आधी वहिनी एकदा आमच्या घरी जेवायला आल्या होत्या. माझी मुलगी शाळेत आठवीत होती आणि त्या वयात माणूस कुणालाही काहीही विचारतं.

"काकू, तुमच्या गाडीवर बंदूक असते ना?"

मी डोळे वटारले, पण वहिनींनी हातानेच मला थांबवलं. "असते," त्या म्हणाल्या.

"मग त्याने माणसं मरतात ना?"

"मरतात. मला हे काम सोपं वाटतं असं समजू नकोस. मी आत बसलेल्यांना जिवंत बाहेर काढायचा भाग करते. तेवढाच मला नीट येतो."

मुलीचं पूर्ण समाधान झालं नाही, आणि वहिनींनीही ते करायचा प्रयत्न केला नाही. दोघी ताटं उचलायला लागल्या.

चाचणीला तीन कंपन्या होत्या. एक आम्ही. दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं इंजिन डोंगर चढताना तापून बंद पडलं आणि ते लोक सामान बांधून परत गेले. तिसरी म्हणजे मोठी कंपनी, जिच्या गाड्या निम्म्या जगाच्या सैन्यांत आहेत. त्यांचा तंबू आमच्यापेक्षा दुप्पट, माणसं चौपट. त्यांच्या तुकडीचे प्रमुख एक वयस्कर इंजिनियर होते, पांढऱ्या झुपकेदार मिशांचे. आम्ही आपसांत त्यांना मिशीवाले म्हणायचो. माणूस अदबशीर होता. सकाळी समोर आला की टोपी काढायचा.

डोंगर झाला, वाळू झाली, दगडी नाला झाला. आम्ही दोघे जवळजवळ बरोबरीत होतो. चढावर ते पुढे, नाल्यात आम्ही. भाऊजी संध्याकाळी गाडीखालून बाहेर येऊन म्हणायचे, "वहिनी, गाडी खूश आहे." वहिनी म्हणायच्या, "गाडीला विचारून सांगता की मनाचं?" पण त्यांचाही चेहरा खुललेला असायचा. मी रोज साहेबांना फोन करायचो आणि माझाही आवाज दिवसेंदिवस चढत चालला होता.

मग आला तलाव. पलीकडच्या काठापर्यंत पोहत जायचं, वळायचं आणि परत यायचं. मार्ग दाखवायला पाण्यात लाल पिंपं सोडलेली. पिंपांच्या बाहेर गेलात तर फेरी बाद. वेळ वाचवायला समितीने दोन्ही गाड्या एकदम सोडायचं ठरवलं, शेजारशेजारच्या मार्गांवरून. मागे सैनिक बसवण्याऐवजी त्यांच्या वजनाची वाळूची पोती भरली होती. आमच्या गाडीत भाऊजी ड्रायव्हरच्या जागी आणि वहिनी वरच्या झडपेत, म्हणजे छताच्या उघड्या दारात, छातीपर्यंत बाहेर. त्यांच्या गाडीत एक ड्रायव्हर आणि एक तरुण इंजिनियर. मी काठावर कर्नलसाहेबांशेजारी, हातात वॉकीटॉकी घेऊन.

दोन्ही गाड्या छान पाण्यात उतरल्या. मागचे पंखे फिरायला लागले, पांढरा फेस उठला. अर्ध्या वाटेपर्यंत आमची गाडी थोडी पुढे होती. मी मनात पेढे वाटायला सुरुवात केली होती म्हटलं तरी चालेल.

एवढ्यात मोठ्या कंपनीच्या गाडीचा आवाज थांबला. पंखे थांबले. गाडी तशीच तरंगत राहिली आणि मग तिचं नाक हळूच खाली गेलं. पुढून कुठूनतरी पाणी आत येत होतं. नाक खाली गेलं तशी आतली वाळूची पोती घसरून पुढे आली, आणि पोती पुढे आली तसं नाक आणखी खाली गेलं. तरुण इंजिनियर मागच्या झडपेतून कसाबसा छतावर आला. ड्रायव्हर मात्र आला नाही. त्याच्या डोक्यावरची झडप पाण्याखाली गेली होती आणि मागे यायची वाट पोत्यांनी बुजली होती.

बचावाची बोट होती. पण ती लांबच्या टोकाला होती आणि निघतानाच तिचा पंखा वेलींमध्ये अडकला. मिशीवाले पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरून ओरडत होते.

वहिनींनी मान वळवून मागे पाहिलं. तेवढ्यात आमच्या गाडीचा वेग कमी झाल्याचं समितीच्या माणसाच्या लक्षात आलं आणि त्याने मला सांगितलं, "पिंपांच्या बाहेर गेले तर फेरी बाद, त्यांना माहीत आहे ना?" ते पोचवणं माझं काम होतं. मी वॉकीटॉकीत बोललो, "वहिनी, बाहेर गेलात तर फेरी बाद धरतील."

"ऐकलं," त्या म्हणाल्या. आणि त्याच दमात, "भाऊजी, उजवीकडे घ्या."

भाऊजींनी लगेच स्टिअरिंग फिरवलं. आमची गाडी दोन लाल पिंपांना बाजूला सारत वळली.

पुढचं सगळं मी काठावरून पाहिलं आणि वॉकीटॉकीवर ऐकलं. भाऊजींनी गाडी फिरवून तिची पाठ त्यांच्या गाडीच्या पाठीकडे आणली. पाण्यात वीस टनांची वस्तू अशी हातभर अंतरावर आणून थांबवणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. वहिनी झडपेतून बाहेर आल्या आणि छतावरून सरपटत मागच्या टोकाला गेल्या. तिथे पोलादी दोराचं वेटोळं बांधलेलं असतं. एक टोक आमच्या कडीत अडकवून दुसरं त्यांनी त्या तरुण इंजिनियरकडे फेकलं. त्याच्या हातून ते निसटलं. वहिनींनी दोर ओढून घेतला आणि पुन्हा फेकला. या वेळी त्याने तो अंगावर झेलला आणि आपल्या गाडीच्या मागच्या कडीत अडकवला.

"आता ओढा. हळू. झटका देऊ नका," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही आत या आधी."

"मी इथेच आहे. कडीच्या खिळीवर हात आहे माझा."

ती खीळ काढली की दोर सुटतो. भाऊजींना त्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. मोठ्या कंपनीची गाडी बुडाली तर आमचीही मागून खाली ओढली जाणार, आणि वहिनी अगदी त्याच टोकाला पालथ्या पडलेल्या.

"सोडायची वेळ आली तर मी सोडेन," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त समोर बघा."

दोर ताणला गेला. आमच्या गाडीची मागची बाजू दबली, पाणी छतावर चढलं आणि वहिनींच्या कोपरांवरून वाहू लागलं. क्षणभर दोन्ही गाड्या जागच्या जागी राहिल्या, कुणीच कुणाला ओढेना. मला वाटलं आता त्या खीळ काढतील. काढली असती तर कुणी त्यांना बोल लावला नसता, मी तर नाहीच. पण त्यांचा हात हलला नाही. त्या एकाच सुरात बोलत राहिल्या, जणू गॅरेजमध्ये गाडी मागे घ्यायला मदत करताहेत. "असंच. असंच राहू द्या. थोडं डावीकडे. छान."

आणि गाडी सरकली. आधी इतकी हळू, की मी एका पिंपावर नजर ठेवून खात्री केली. मग जरा बरी. उथळ भाग आला, त्यांच्या मागच्या चाकांना जमीन लागली, मग मधल्यांना. काठावरची माणसं पाण्यात धावली. तरुण इंजिनियरने मधली झडप उघडून आत उडी मारली, पोती बाजूला केली, आणि ड्रायव्हरला काखेत धरून वर ढकललं. ड्रायव्हर पांढराफटक पडला होता, खोकत होता, पण आपल्या पायांनी काठावर आला. आत छताजवळ वीतभर हवा शिल्लक राहिली होती, तिच्यात तोंड वर करून तो तगला होता.

भाऊजी गाडीतून उतरले आणि पहिल्यांदा वहिनींकडे गेले. त्यांच्या तळहातावर खिळीचा वळ उठला होता. "दादाला सांगू नका हं," वहिनी म्हणाल्या. दादा म्हणजे त्यांचा नवरा. भाऊजी म्हणाले, "मी नाही सांगणार. पण त्याला कळल्यावर तो मलाच फटकावणार आहे."

संध्याकाळी समितीने निकाल दिला. मोठ्या कंपनीची फेरी अपूर्ण, आमची बाद. कर्नलसाहेबांनी तो वाचून दाखवला तेव्हा त्यांची नजर जमिनीवर होती. नियम नियमाच्या जागी होता, आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

मग मिशीवाले उठले. प्रतिस्पर्धी कंपनीची हरकत नसेल तर फेरी पुन्हा घेता येते, असं एक कलम होतं. ते म्हणाले, "आमची हरकत नाही. आमची गाडी दुरुस्त होईल तेव्हा होईल. यांना उद्याच पुन्हा फेरी द्या." त्यांच्या शेजारी त्यांच्याच कंपनीचा एक विक्रीवाला बसला होता, माझ्याच जातकुळीचा. त्याने त्यांची बाही ओढली. मिशीवाल्यांनी बाही सोडवून घेतली आणि तेच वाक्य पुन्हा एकदा सावकाश म्हटलं.

मला आनंद झाला. पण तो फार टिकला नाही. दोर सैल पडला तेव्हा त्याचा फास आमच्या डाव्या पंख्यात गेला होता. पाती वाकली होती. ती सरळ करता आली असती, पण पंख्याचा दांडाही किंचित कलला होता आणि तो गाडीच्या पाठीतून जिथे आत शिरतो तिथली पाणी अडवणारी रबरी कडी फाटली होती. वहिनींनी बोट लावून पाहिलं. दुसरा दांडा आमच्याजवळ नव्हता, आणि घरून मागवेपर्यंत समिती थांबणार नव्हती.

"पाणी आलं तरी थोडं येईल," भाऊजी म्हणाले. "पंप आहे. मी नेतो, वहिनी. जाऊन येतो."

"मला माहीत आहे तुम्ही न्याल."

"मग?"

"मग काय. त्यांच्याकडेही पंप होता, भाऊजी."

मी मध्ये पडलो. इतक्या लांब आलो, इतकं सगळं जमून आलंय, समोरचा स्वतः संधी देतोय, असं सगळं मी बोललो. बोलणं माझं काम. वहिनींनी पूर्ण ऐकून घेतलं. मग चिंधीला हात पुसले आणि म्हणाल्या, "तुमचं चुकत नाही. पण ही गाडी उद्या पाण्यात जाणार नाही. कर्नलसाहेबांना मीच सांगते."

आणि त्या गेल्या.

साहेबांना फोन करायचं माझ्या नशिबी आलं. मी आडवळणं न घेता सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आपली दोघं धड आहेत?"

"आहेत."

"आणि तो ड्रायव्हर?"

"तोही."

"मग या परत," साहेब म्हणाले. ती ऑर्डर मिळाली असती तर आमच्या कारखान्याचा नवा शेड उभा राहिला असता, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूबाहेर आलो तर मोठ्या कंपनीचा वाचलेला ड्रायव्हर आमच्या गाडीपाशी बसला होता, कुणाचे तरी ढगळ कपडे घालून. बादली आणि फडकं घेऊन तो आमच्या चाकांत अडकलेला तलावाचा चिखल काढत होता. आठही चाकं. भाऊजी त्याच्याशेजारी दुसरी बादली घेऊन बसले. दोघांना एकमेकांची भाषा अजिबात येत नव्हती. तरी मधूनमधून एक जण इंजिनाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणायचा आणि दुसरा मान डोलवायचा. चहा पाठवला तर तो दोघांनी चाकाला पाठ टेकवून प्यायला.

ऑर्डर अर्थातच मोठ्या कंपनीला गेली. त्यांनी गळती शोधून काढली, पुढचा सांधा बदलला, पोती बांधायची पद्धत बदलली आणि पुन्हा चाचणी दिली. गाडी चांगलीच होती, मी कशाला नाकारू. वहिनींनाच मिशीवाल्यांनी फोन करून विचारलं होतं, आमची सीट छताला टांगायची तर आडव्या पट्ट्या कुठे द्याव्यात. वहिनींनी त्यांना सांगितलं. मी कपाळाला हात लावला तर म्हणाल्या, "तिकडेही पोरंच बसणार आहेत ना."

आमच्याकडे काही महिने कामाची ओढाताण झाली. ट्रकच्या जुन्या ऑर्डरींवर शॉप चालू राहिला. वेल्डरांना दोनऐवजी एकच पाळी मिळाली. कुणी वहिनींना तोंडावर काही बोललं नाही, पण जेवणाच्या सुट्टीत कुजबुज व्हायची, आणि ती त्यांच्या कानावर जायची. वहिनी त्याच लोकांत डबा घेऊन बसायच्या. एकदा एका म्हाताऱ्या वेल्डरने सरळ विचारलं, "वहिनी, परत तशी वेळ आली तर?" वहिनींनी घास गिळला आणि म्हणाल्या, "दुसरा दांडा बरोबर नेईन." आजूबाजूचे हसले. तो म्हाताराही हसला. कुजबुज पूर्ण थांबली नाही, पण तिच्यातला तिखटपणा गेला.

कर्नलसाहेबांचा फोन आला तो एका दुपारी. मला वाटलं सणासुदीच्या शुभेच्छा वगैरे असतील. ते म्हणाले, "आमच्या ताफ्यात आता ढीगभर नव्या गाड्या येणार. त्या रुततील, बुडतील, बंद पडतील. त्यांना ओढून आणणारी गाडी आमच्याकडे नाही. बाजारात आहेत, पण मी एक गाडी माझ्या डोळ्यांनी ओढताना पाहिली आहे. तुम्ही तशी बनवाल का? बंदूक नको. नुसती ओढणारी."

मोठ्या ऑर्डरच्या मानाने ती ऑर्डर लहान होती. नवा शेड काही त्यातून होणार नव्हता. पण दुसरी पाळी पुन्हा सुरू होणार होती, आणि या बाजारात एकदा एका सैन्याच्या अंगणात तुमची गाडी उभी राहिली की शेजारचेही विचारायला येतात.

मी फोन ठेवून धावतच शॉपमध्ये गेलो. वहिनी गाडीच्या पोटाखाली बसून भाऊजींशी कशावरून तरी हुज्जत घालत होत्या. मी वाकून सगळं सांगितलं. भाऊजींनी आनंदाने मांडीवर थाप मारली. वहिनी सरपटत बाहेर आल्या, डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला. त्यांना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं आणि मी जरा दुसरीकडे पाहिलं.

"त्यांची सगळ्यात जड गाडी किती टनांची?" त्यांनी विचारलं.

"ते विचारायचं राहिलं."

"विचारा ना मग," वहिनी म्हणाल्या आणि टेबलाकडे चालायला लागल्या. "आणि पाण्याने भरलेली असताना किती, तेही विचारा."